पावसात जेल ओव्हरले सुटतं, एक्स्टेन्शन मोडतं. दोष दमट हवेचा का?

तुम्ही फोंड्यात घरीच नखांची कामं घेता. जून लागला की ओव्हरले, म्हणजे मूळ नखावरचा जेलचा थर, सहा-सात दिवसांत क्युटिकलपाशी सुटतं आणि फॉर्मवर (नखाखाली बसवायच्या साच्यावर) वाढवलेलं एक्स्टेन्शन मधोमध मोडतं, असं तुम्ही लिहिलंय. हवेचा दोष थोडाच. चुका दोन आहेत, आणि वेगवेगळ्या.

सुटतं ते बहुतेक वेळा तयारीत कसर राहिल्यामुळे. क्युटिकल मागे सारलं तरी नखावर पातळ, पारदर्शक कातडी उरते. नख ट्यूबलाइटखाली तिरकं धरा, निस्तेज पट्टा दिसेल. त्यावरचं जेल नखाला चिकटतच नाही. ती कातडी खरवडा, १८० ग्रिटच्या कानशीने नखाची फक्त चमक घालवा, मग डिहायड्रेटर (नखावरचा ओलावा-तेल काढणारं द्रव), मग जेल धरून ठेवणाऱ्या अ‍ॅसिड-फ्री प्राइमरचा नावापुरता हात. त्याआधी बोटं पाण्यात भिजवू नका: नख पाणी पिऊन पसरतं, वाळताना आकसतं आणि जेल कडेने उचलतं. खोबरेल शेवटी. एसी असला तर ड्राय मोडवर ठेवा, पावसाचं तेवढंच ऐकायचं.

जेल कातडीवर ओघळलं तर हात लॅम्पखाली धरण्याआधीच काडीने पुसा. कच्चं जेल कातडीला वरचेवर लागलं की अ‍ॅलर्जी होते, आणि ती सहसा जन्माची. अंगठे वेगळे क्युअर करा, म्हणजे लॅम्पखाली वेगळे धरून जेल कडक करा. चार बोटांबरोबर अंगठा कुशीवर पडतो, एका कडेला उजेड पोचत नाही.

मोडण्याचं मूळ एपेक्समध्ये, म्हणजे जेलच्या सगळ्यात उंच भागात. नख बोटापासून सुटं होतं तिथे जेल सगळ्यात जाड हवं. तुमचं बहुधा टोकाशी साचत असेल. बेस क्युअर झाल्यावर बिल्डर जेलचा (नखाला जाडी देणाऱ्या घट्ट जेलचा) पातळ थर द्या, तो ओला असतानाच मध्यावर थेंब सोडा, ब्रश न दाबता नुसता तरंगवत न्या. मग नख जमिनीकडे येईल असं बोट उलटं करून ५ ते १० सेकंद थांबा, जेल मध्यावर गोळा होतं. हात लगेच लॅम्पमध्ये. चटका बसतो म्हणून क्लायंट हात ओढत असेल तर थर जाड झालाय, तोच दोन पातळ थरांत लावा. फॉर्म नखाखाली फट न ठेवता बसवा आणि बाजूने बघा. खाली झुकला तर नख पोपटाची चोच होतं. लांबी सुरुवातीला नखाच्या गादीच्या निम्मीच. चवथीला नेवऱ्या-भांड्यांत हात असणारीला तर आखूड ओव्हरलेच सांगा.

सुटलेली कड गोंदाने चिकटवू नका. आत पाणी कोंडून जिवाणू वाढतात, नख हिरवट पडतं. तसा डाग दिसला तर जेल पूर्ण काढा, आणि नख वाढून डाग पुढे निघून जाईपर्यंत वर काही लावू नका.