जर्मनीला बदली: होकार देण्याआधी

अभिनंदन! कंपनी तुम्हाला पुण्याहून जर्मनीला पाठवतेय आणि होकार देण्याआधी काय बघावं, असं तुम्ही विचारलंत. मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणजे वय सोयीचं आहे. तिकडे शाळा साधारण सहाव्या वर्षी सुरू होते. तोवर भाषा ती खेळता खेळता उचलेल.

आधी एचआरकडून लेखी घ्या: डेप्युटेशन (नोकरी इथल्याच कंपनीची, काम तिकडे) आहे की तिथल्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट? डेप्युटेशनवर मिळणाऱ्या आयसीटी कार्डावर (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) मॅनेजर आणि तज्ज्ञांना जास्तीत जास्त 3 वर्षं राहता येतं. तिथल्या कॉन्ट्रॅक्टवर मिळणाऱ्या ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांसाठीचा नोकरीचा परवाना) पुढे कायम राहण्याची वाट मोकळी असते. बाकीचे निर्णय या उत्तरावरच ठरतील.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:

- पगाराला रुपयांत गुणून खूश होतात. हातात येणारे युरो बघा आणि भाडं हीटिंगसकट आहे का ते विचारा. कित्येक घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात: ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले.
- पाळणाघर गृहीत धरतात. कायद्याने जागेचा हक्क आहे, पण मोठ्या शहरांत प्रतीक्षा यादी लांबलचक असते.
- जोडीदाराला सगळ्यात शेवटी विचारतात. ही चूक सर्वात महागात पडते. नोकरीची परवानगी जोडीदारालाही मिळते, पण जर्मन येत नसेल तर काम मिळणं अवघड. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं आणि लेकराला घेऊन दिवसभर घरात तीच व्यक्ती असते. दोघांनीही पुण्यातच मॅक्सम्युलर भवनात ए-वनचा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीचा, क्लास लावा, अगदी या महिन्यात.

टॅक्स, पीएफ, पेन्शन आत्ता डोक्यात घेऊ नका. कॉन्ट्रॅक्टचा प्रकार कळला की सांगा, मग पुढचं बोलू.