१९५८ चा अंतिम सामना एवढा गाजला कशामुळे?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलचा ‘सुपर बोल’ आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो आणि आम्ही काही मित्र तो आवर्जून पाहतो. १९५८ च्या एका अंतिम सामन्याला ‘आजवरचा सर्वोत्तम’ म्हटले जाते. त्यात असे काय घडले? जादा वेळेत पहिला गुण मिळवणाराच जिंकतो, हा त्या वेळचा नियम आजही आहे का?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्सने न्यूयॉर्क जायंट्सला २३-१७ असे हरवले, तो हा एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. केवळ खेळाचा दर्जा पाहिला तर ‘सर्वोत्तम’ हे विशेषण आम्हाला जरा सढळ वाटते. जायंट्सच्या फ्रँक गिफर्डच्या हातून दुसऱ्या सत्रात दोनदा चेंडू निसटला आणि दोन्ही वेळा त्याची परिणती कोल्ट्सच्या टचडाउनमध्ये (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे, सहा गुण) झाली. सामन्याचे मोल आहे ते त्याच्या शेवटच्या टप्प्यात.

जायंट्स १७-१४ असे पुढे होते आणि जेमतेम दोन मिनिटे उरली असताना कोल्ट्सला स्वतःच्या १४ यार्डांच्या रेषेपासून, म्हणजे जवळजवळ पूर्ण मैदान पुढे असताना, सुरुवात करायची होती. क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळून पास देणारा खेळाडू) जॉनी युनिटासने, ज्याला तीनच वर्षांपूर्वी पिट्सबर्गच्या संघाने वगळले होते आणि जो त्यानंतर सामन्यामागे सहा डॉलरांवर निमव्यावसायिक संघातून खेळत होता, रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन पास देऊन ६२ यार्ड कापले आणि सात सेकंद शिल्लक असताना स्टीव्ह मायराच्या फील्ड गोलने (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारणे, तीन गुण) बरोबरी झाली. घड्याळाशी झुंजत संघाला पुढे नेणारा क्वार्टरबॅक आज सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा आदर्श म्हणून याच चढाईकडे बोट दाखवले जाते. अजिंक्यपदाचा निकाल प्रथमच जादा वेळेत लागला. तेथे युनिटासने ८० यार्डांची चढाई रचली आणि ॲलन अमिचीने अखेरच्या एका यार्डावरून टचडाउन केला. (पराभूत जायंट्सच्या आक्रमणाची जबाबदारी विन्स लोम्बार्डी यांच्याकडे होती, सुपर बोलच्या विजेत्याला मिळणारा करंडक त्यांच्याच नावाचा आहे.)

मात्र एवढ्याने एखादा व्यवसाय बदलत नाही. हा सामना एनबीसी वाहिनीवरून सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला, तोही यजमान न्यूयॉर्क शहरात प्रक्षेपण बंद ठेवलेले असताना. हा खेळ दूरचित्रवाणीसाठी किती अनुकूल आहे, हे त्या दिवशी दिसले. प्रेक्षकांमध्ये टेक्सासचे धनिक तरुण लामार हंट होते. एनएफएलमध्ये संघ मिळत नसल्याने त्यांनी १९५९ मध्ये एएफएल ही प्रतिस्पर्धी लीग उभी केली. खेळाडूंसाठी दोन्ही लीगमध्ये सुरू झालेली चढाओढ इतकी महागात पडू लागली की १९६६ मध्ये विलीनीकरणाचा करार झाला, त्यातून जानेवारी १९६७ मध्ये पहिला सुपर बोल खेळला गेला आणि १९७० मध्ये दोन्ही लीग पूर्णपणे एक झाल्या. आपण पहाटे उठून जो सामना पाहता, त्याचा उगम असा या घडामोडींत आहे.

नियमाबाबत सांगायचे तर, तो आता तसा राहिलेला नाही. २०२२ मध्ये झालेल्या बदलानुसार बाद फेरीच्या जादा वेळेत, पहिल्या संघाने टचडाउन केला तरी, दोन्ही संघांना चेंडू ताब्यात घेऊन खेळण्याची संधी मिळते. जुन्या ‘पहिला गुण’ नियमाप्रमाणे सामना तेथेच संपला असता, पण फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आधी फील्ड गोल केल्यानंतरही कॅन्सस सिटीला खेळता आले आणि टचडाउन करून तो सामना त्यांनी २५-२२ असा जिंकला.