बाबूला मामाच्या गावाला खरोखर न्या

यवतमाळ जिल्ह्यातील एका आईचे पत्र थोडक्यात असे आहे :

"माझा मुलगा बाबू सहा वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे आणि तो दहा-पंधरा शब्दच बोलतो. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. नागपूरला उपचार चालू आहेत आणि खर्च महात्मा फुले योजनेतून होतो. सुरुवातीचे कडक महिने पार पडले. आता महिन्यातून एकदा शिरेतून औषध, मधूनमधून पाठीत सुई आणि घरी रोज गोळ्या असतात. पण आता तो मुळीच ऐकत नाही. सिस्टरला चावतो, तोंड उघडत नाही, चौघांना धरावे लागते. गोळी शिऱ्यात घालून देत होते, तर आता शिराही खात नाही. सासूबाई म्हणतात, 'कायले टोचता त्या लेकराले, त्याले काय समजते?' माझे यजमान फार कठोर आहेत. बाबूच्या तोंडावर सांगतात, 'उद्या दवाखाना, सुई टोचणार.' मग तो रडतो. (मी त्याला मामाच्या गावाला चाललो असे सांगून एसटीत बसवते, कारण रस्ता त्याच बाजूने जातो. पण कळंब मागे पडून भावाच्या गावचा फाटा गेला की तो आरडाओरडा करतो आणि लोक बघतात.) यंदा तान्ह्या पोळ्याला भाऊ लाकडी नंदी घेऊन आला, तर हा पलंगाखाली जाऊन बसला. यजमानांच्या मनात थोडी माया यावी यासाठी मी काय करू?"

ताई,

पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तुम्ही कंसात टाकला आहे. यजमानांच्या कठोरपणावर दीड पान लिहिलेत, सासूबाईंच्या बोलण्यावर अर्धे पान लिहिलेत, आणि ज्या गोष्टीने मूल बिथरले आहे ती दोन ओळींत उरकलीत. म्हणून मी त्या दोन ओळींनाच उत्तर देणार आहे. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर बाबूने स्वतःच देऊन टाकले आहे. ज्या मुलाला यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचा मामाच्या गावचा फाटा चालत्या एसटीच्या खिडकीतून ओळखता येतो, गाडी तिकडे वळली नाही म्हणजे आपल्याला पुन्हा फसवले हे ज्याला त्याच क्षणी उमगते, आणि पुढच्या वेळी मामाच घरी आला तर सुईची वेळ आली असा हिशेब जो मनाशी मांडतो, त्याला काही समजत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मला तर वाटते, तुमच्या घरात या प्रकरणाचा सर्वांत चोख हिशेब त्यानेच ठेवला आहे.

सिस्टरला चावणे, किंचाळणे, काही दिवस विनाकारण चिडणे यात औषधांचाही वाटा असू शकतो. या उपचारात बहुतेक मुलांना ठरावीक दिवस स्टेरॉइड देतात आणि त्या दिवसांत भूक व चिडचिड दोन्ही वाढतात, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. पण मामाला पाहून पलंगाखाली लपण्याचे खापर स्टेरॉइडवर फोडता येणार नाही. ती भीती तुमच्या थापेने निर्माण केली आहे. मूल हसत गाडीत बसावे म्हणून तुम्ही मायेपोटीच खोटे बोललात, याबद्दल मला शंका नाही. त्या खोट्याची किंमत मात्र बाबू भरतो आहे, तुमचा भाऊ भरतो आहे, आणि उपचारही भरतो आहे. यजमान कठोर आहेत, असे तुम्ही लिहिता. मला ते तुमच्या घरातले बाबूशी खरे बोलणारे एकमेव माणूस दिसतात. त्यांची बोलण्याची पद्धत ओबडधोबड असेल, ती सुधारता येईल, पण त्यांनी सांगितल्यावर बाबू रडतो आणि तुम्ही सांगितल्यावर हसतो, एवढ्यावरून माया कोणाची जास्त हे ठरवू नका. बाबांनी सांगितलेले घडते, हे त्याला ठाऊक आहे. तुमच्याविषयी त्याला काय ठाऊक आहे, ते तो फाट्यावर ओरडून सांगतो.

मी हे इतके ताणून का धरते आहे, त्याचे कारण वैद्यकीय आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या ज्या कॅन्सरवर असे उपचार चालतात, ते साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. म्हणजे तुमचे आणखी बरेच महिने जायचे आहेत आणि तेवढा काळ कोणत्याही मुलाला फसवून नेता येत नाही. शिवाय डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा त्रास इतर मुलांपेक्षा अधिक होतो, तोंडात फोड येतात आणि जंतुसंसर्गही लवकर होतो. व्हिन्क्रिस्टिन नावाचे औषध शिरेतून दिले जाते, त्याने जबडा दुखू शकतो, पाय दुखू शकतात, शौचाला कडक होते. दहा-पंधरा शब्दांच्या मुलाने हे सारे तुम्हाला कसे सांगायचे? तोंड उघडून दाखवूनच, हात धरून पोटावर ठेवूनच. आईने हाताला धरले की पुढे फसवणूक असते असे ज्याला वाटू लागले, ते मूल दुखणे दाखवण्याऐवजी लपवायला शिकते. आता तो तोंड उघडत नाही याला तुम्ही हट्ट म्हणता. मला त्यात धोका दिसतो, कारण त्या बंद तोंडातला फोड तुम्हाला दिसणार नाही. तापाचेही तेच आहे. थर्मामीटर लावू दिला पाहिजे, आणि १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप दिसला तर सकाळची वाट न पाहता, विचारल्याशिवाय तापाची गोळी न देता, रात्री दोन वाजतासुद्धा दवाखान्याला फोन करून निघाले पाहिजे. तुमच्या गावाहून नागपूर दूर आहे, म्हणून अशा वेळी आधी जवळ कुठे पोचायचे, हे पुढच्या भेटीतच डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.

शिऱ्यातल्या गोळीची गोष्टही याच खात्यात जमा आहे. आवडीच्या पदार्थात कडू गोळी निघाली आणि मुलाने तो पदार्थच सोडला, यात नवल कसले? उपचारात मूल दोन घास जास्त खावे म्हणून आपण जीव टाकतो आणि त्याच वेळी त्याच्या ताटातला एक पदार्थ आपल्याच हाताने कमी करतो. कॅन्सरची गोळी घरी कुटू किंवा फोडू नये, कारण तिची पूड इतरांच्या हाताला आणि श्वासाला लागणे बरे नाही. ती कशी द्यायची हे डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला विचारा. मग गोळी गोळी म्हणूनच द्या, रोज त्याच वेळी, त्याच वाटीतून, आणि शिरा पुन्हा नुसता शिरा म्हणून करा.

आता काय करायचे ते सांगते. मामाच्या गावाची थाप आजपासून बंद. पुढच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, तुम्ही स्वतः बाबूला समोर बसवून सांगायचे : "उद्या दवाखाना. सुई आहे. दुखेल. आई हात धरेल. मग घरी." एवढीच वाक्ये, दर वेळी हीच, याच क्रमाने. पाठीतली सुई असेल तर तेही सांगायचे, नसेल तर पाठीला हात लावून "इथे नाही" असे सांगायचे. "काही होणार नाही", "मुंगी चावल्यासारखे वाटेल" असली वाक्ये नकोत, कारण त्याला काय होते ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना बोलता येते त्याहून बरेच अधिक कळते, आणि कानांनी ऐकलेल्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले चांगले लक्षात राहते. म्हणून परवानगी घेऊन मोबाइलवर पाच फोटो काढा : एसटी, दवाखान्याचे दार, ती खाट, सुई देणाऱ्या सिस्टर आणि तुमच्या घराचा उंबरठा. तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून ते छापून घ्या आणि आदल्या संध्याकाळी त्याच क्रमाने त्याच्यासमोर मांडा. शेवटचा फोटो घराचा आहे हे त्याला रोज पाहू द्या.

आणि तो लाकडी नंदी बाहेर काढा. भावाने आणलेली ती वस्तू फार कामाची आहे. कापूस ओला करून नंदीचा पाय पुसा, सुई नसलेली सिरिंज सिस्टरकडून मागून घ्या, नंदीला टोचा, चिकटपट्टी लावा, नंदीला रडू द्या, मग त्याला चाऱ्याला सोडा. पुढच्या खेपेला सिरिंज बाबूच्या हातात द्या. तो नंदीला वीस वेळा टोचेल, रागाने टोचेल, टोचू द्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत लहान मुलांना खेळातूनच उपचाराची ओळख करून देतात. आपल्याकडे घराघरांत नंदी असताना वेगळी बाहुली आणायची गरज नाही.

दवाखान्यातही दोन गोष्टी मागा, भीड न धरता. कातडी बधिर करणारे मलम सुईच्या सुमारे तासभर आधी लावले तर टोचणे सुसह्य होते, ते बाबूला लावता येईल का, हे विचारा. पाठीतल्या सुईच्या वेळी गुंगीचे औषध देता येईल का, हेही विचारा. तो निर्णय डॉक्टरांचा, कारण डाऊन सिंड्रोमच्या मुलांच्या हृदयाची आणि श्वासाची काळजी वेगळी घ्यावी लागते. चौघांनी दाबून धरण्याची वेळ येण्याआधी डावा हात की उजवा हे बाबूला निवडू द्या, आणि ते त्याने बोट दाखवून सांगितले की सिस्टरने तेवढे ऐकले पाहिजे.

पहिल्या खेपेला तो आदल्या रात्री रडेल. दुसऱ्या खेपेलाही रडेल. सासूबाई म्हणतील, "उगाच सांगून रडवतेस." तेव्हा तुम्ही डगमगू नका, आणि यजमानांना तुमच्या शेजारी बसायला सांगा, कारण खरे सांगण्याचा सराव त्यांना आहे आणि जवळ घेण्याचा तुम्हाला. तो सुईला भिऊन रडतो आहे तोवर ठीक आहे. तुम्हाला भिऊन रडणे थांबवायचे आहे.

पत्रात एका ओळीत आणखी एक शंका डोकावते, की गरोदरपणी तुमच्याकडून काही चुकले असेल का. नाही. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि अशा मुलांना रक्ताचा कॅन्सर होण्याची शक्यता इतर मुलांहून १० ते २० पटींनी अधिक असते. त्यात तुमच्या खाण्यापिण्याचा काही संबंध नाही. उपचार पूर्ण केलेली यातली पुष्कळ मुले बरी होतात, म्हणून "कायले टोचता" या प्रश्नाशी वाद घालण्यातही वेळ घालवू नका.

शेवटचे काम मी सर्वांत आधी करायला सांगते. पुढच्या तारखेच्या आधी बाबूला मामाच्या गावाला खरोखर न्या. रक्ताचा रिपोर्ट पाहून पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत ना, हे डॉक्टरांना फोनवर विचारा. भावाच्या घरी कोणाला ताप, खोकला किंवा कांजिण्या नाहीत याची खात्री करा, आणि गर्दी नसलेली गाडी निवडा. कपाशीची वेचणी चालू आहे हे मला माहीत आहे, ती दोन दिवस थांबेल. भावाला फाट्यावर घ्यायला बोलवा. ताप आल्यास लागेल म्हणून फाइल पिशवीत असू द्या, पण ती बाबूला दाखवा आणि सांगा की आज सुई नाही. मग फाट्यावर उतरा, एक रात्र राहा, आणि तिथून थेट घरी या. परतीच्या वाटेवर कितीही सोयीचे वाटले तरी रक्त तपासायला कुठेही थांबू नका.