रॉक स्लायडर घेताना पाइपची जाडी नंतर बघा, आधी पाय मोजा

तुमचा प्रश्न असा आहे की पिकअपला रॉक स्लायडर, म्हणजे दगडांपासून केबिन वाचवायला दारांखाली लावायचे पोलादी पाइप, बसवायचेत, तर पाइप किती जाड घ्यावा आणि ते चॅसीला वेल्ड करावेत की बोल्टचे घ्यावेत.

पाइपची जाडी हा या सगळ्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. मी हे जरा चढ्या आवाजात सांगतेय, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे आणि मला तो एकदा नीट मांडायचाच होता.

वाद माझ्या मोठ्या मावसभावाशी. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. खडकाळ वाटेवर गाडी कशी घालायची हे मला त्यानेच शिकवलं, त्यामुळे त्याच्यासमोर तोंड उघडणं मला सोपं जात नाही. पण स्लायडरच्या बाबतीत तो चुकतोय. त्याचं म्हणणं एका ओळीचं आहे: जाड पाइप, पक्कं वेल्डिंग, बाकी सगळे नखरे. मी बोल्टचे स्लायडर घेतले तेव्हा त्याने गाडीखाली डोकावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढ्याशा बोल्टांवर गाडी झेलणार का तू?" ते मला लागलं.

त्याने स्वतःचे स्लायडर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतले होते. पाइप इतका जाड की गाडीला लावताना दोन माणसांना तो धरवत नव्हता. पाय, म्हणजे पाइपला चॅसीशी जोडणारे आडवे दांडे, मात्र दोनच. चार दारांची लांबलचक केबिन आणि तिला दोन पाय! प्रत्येक पायाच्या मुळाशी तळहाताहून लहान प्लेट, तीही चॅसीच्या खालच्या अर्ध्या भागात, चारही बाजूंनी वेल्ड मारून पक्की केलेली. मी तेव्हाच म्हटलं होतं, "दादा, पाय कमी पडतील, आणि प्लेट फार बुटकी आहे." त्यावर तो म्हणाला, "अगं, पाइप बघ की आधी! याला काय होणार?"

पाइपला खरंच काही झालं नाही.

एका कोरड्या नदीपात्रातून वर चढायचं होतं, मोठमोठ्या गोट्यांमधून. दादा पुढे होता, मी मागे माझी गाडी थांबवून बघत होते. त्याचं मागचं डावं चाक एका गुळगुळीत दगडावरून घसरलं आणि गाडी डाव्या अंगावर खाली बसली, फार तर वीतभर. लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज येईल असं वाटलं होतं, पण आला तो पत्रा चुरगळल्याचा. स्लायडर पायांच्या मुळाशी पिळवटून वर फिरला होता आणि दाराखालच्या सिलमध्ये घुसला होता. मागच्या दाराची खालची कड आत दबली. वहिनी मागे बसली होती, तिला दार उघडेना. शेवटी सीटवरून सरकत ती दुसऱ्या बाजूने उतरली. मी खाली वाकून टॉर्च मारला. पाइपवर एक लांब ओरखडा होता, पोचासुद्धा नव्हता. आणि मागच्या पायाची प्लेट खालच्या कडेला जिथे वेल्ड केली होती, तिथे चॅसीच्या पत्र्याला बोटभर चीर गेली होती. चिरेच्या दोन्ही कडांना रंग उडून आतलं कोरं लोखंड चमकत होतं.

ज्या वस्तूने केबिन वाचवायची, तिनेच केबिन दाबली आणि वर चॅसीही फाडली. दादा आजही म्हणतो की दगडच मोठा होता. दगड मोठा नव्हता. हिशोब साधा आहे, आणि तो त्याने कधी ऐकून घेतला नाही म्हणून इथे लिहिते.

भिंतीवरच्या फळीवर वजन ठेवलं की ब्रॅकेटचा वरचा स्क्रू उपटायला बघतो. स्लायडरला धक्का खालून बसतो, म्हणून इथे पायाच्या प्लेटची वरची कड चॅसीत रुतते आणि खालची कड उपटली जाते. समजा त्या क्षणी एका पायावर १००० किलोचा भार आला आणि बाहेरचा पाइप चॅसीपासून ४० सेंटीमीटर दूर आहे. प्लेट ८ सेंटीमीटर उंचीची असेल तर खालच्या कडेला उपटणारा जोर ५ टनांचा होतो. तीच प्लेट चॅसीच्या जवळजवळ पूर्ण उंचीची, म्हणजे १४ सेंटीमीटरची घेतली, तर तो ३ टनांच्या आत येतो. लोखंड तेच, दगड तोच. आणि दोनाऐवजी चार पाय असतील तर मुळात एका पायावर येणारा भारच कमी होतो. या सगळ्या हिशोबात पाइपची जाडी कुठेच येत नाही.

आता "एवढ्याशा बोल्टां"बद्दल. ८.८ ग्रेडचा (ही बोल्टच्या ताकदीची प्रत) एक एम-१२, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचा, बोल्ट साधारण ५ टनांची ओढ कायमचा न ताणला जाता सोसतो. माझ्या गाडीला एका पायाला असे चार बोल्ट आहेत. बोल्टच्या आधी चॅसीचा पत्रा हार मानतो, म्हणून बोल्टच्या मागे साधा वॉशर पुरत नाही, जाड पट्टी लागते, म्हणजे ओढ पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरते. चॅसी पेटीसारखी बंद असेल आणि बोल्ट आरपार जात असेल, तर आत स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवती बसणारी नळी, हवीच. नाहीतर नट आवळताना चॅसीच्याच दोन्ही भिंती आत दबतात.

वेल्डिंग वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण बहुतेक ठिकाणी ते वाईट पद्धतीने होतं. चॅसीवर उभा टाका, म्हणजे तिच्या लांबीला आडवा जाणारा, मारायचा नाही. चॅसी वाकते-पिळते तेव्हा चीर तिथूनच सुरू होते. प्लेटचे कोपरे गोल हवेत आणि वेल्ड चॅसीच्या लांबीच्या दिशेने हवं. शिवाय वेल्डच्या उष्णतेने पेटी-चॅसीच्या आतला गंजरोधक थर जळून जातो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. बाहेरून तुम्ही कितीही रंग फासा, आत गंज लागत राहतो. बोल्टचे स्लायडर आपटून खराब झाले तर उतरवून दुसरे लावता येतात. दादाचे उतरवायला ग्राइंडर लागला आणि नंतर चॅसीची दुरुस्ती वेगळी.

घेण्याआधी किंवा बसवून घेतल्यावर एक परीक्षा करा. सपाट जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना उटी लावा. स्लायडरच्या सगळ्यात बाहेरच्या पाइपखाली, दोन पायांच्या मधोमध जॅक लावा आणि चाक जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचला. गाडीखाली जायचं नाही, बाजूला बसून फक्त सिल आणि पाइप यांच्यातली फट बघायची. ती थोडी कमी झाली तर चालेल, निम्म्यावर आली तर ते स्लायडर परत करा. दुकानात उभ्या स्लायडरवर लाथ मारून बघणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यातून काहीही कळत नाही.

फट मुळात ठेवलेली हवी, दोन बोटं तरी. पिकअपची केबिन चॅसीवर रबरी माउंटवर बसलेली असते आणि वाट वाकडी असली की चॅसी खाली पिळवटते. एक चाक दगडावर चढवून मागून केबिन आणि हौदा पाहा, दोन्ही एकमेकांच्या मानाने तिरके झालेले दिसतील. स्लायडर चॅसीला पक्का आणि केबिनलाही पक्का असेल, तर त्या पिळाचा ताण दाराखालच्या पत्र्यावर येणार. असे दोन्हीकडे बांधलेले स्लायडर कोणी कितीही स्वस्तात दिले तरी घेऊ नका. आणि चढायला-उतरायला मिळणारे शोभेचे फूटबोर्ड म्हणजे स्लायडर नव्हेत. ते खाली लोंबतात, आणि पिकअपला पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, आधीच मोठं असल्याने पोट टेकायची भीती जास्त. ३.१ मीटरच्या व्हीलबेसला पोटाखालची उंची २३ सेंटीमीटरवरून १८ वर आली, तर मधला उंचवटा ओलांडण्याचा कोन साधारण साडेतीन अंशांनी घटतो. आधीच तुटपुंज्या असलेल्या कोनातून साडेतीन अंश जाणं म्हणजे खूप झालं. म्हणून स्लायडरचे पाय बाहेरच्या बाजूला किंचित वर चढणारे असावेत, पाइप सिलच्या जवळ राहतो.

मागच्या टोकाला बाहेर वळलेला पाइप मिळत असेल तर जरूर घ्या. झाडाच्या किंवा खडकाच्या कडेने वळताना त्याच्यावर टेकून गाडीचं ढुंगण बाहेर सरकतं आणि हौद्याचा पत्रा वाचतो. मागच्या चाकामागचा हौदा मात्र उघडाच राहतो, त्याला स्लायडरने काही फरक पडत नाही.

बरं, जाडी. विचारलीच आहे तर सांगते. ४४ मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर भिंतीचा पोलादी पाइप पिकअपला पुरतो, डीओएम (वेल्ड करून मग साच्यातून ओढून काढलेला) मिळाला तर उत्तम, चांगला ईआरडब्ल्यू (नुसता विजेने वेल्ड केलेला) पाइपही चालतो. जास्त मजबूत हवा असेल तर जाडीऐवजी व्यास वाढवा. पातळ भिंतीच्या पाइपचा ताठपणा जाडीच्या साध्या प्रमाणात वाढतो, व्यासाच्या मात्र घनाच्या प्रमाणात. म्हणजे दादाने जे वजन जाडीत घातलं, ते व्यासात आणि आणखी दोन पायांत घातलं असतं तर वहिनीला दारातूनच उतरता आलं असतं. माझ्या पाइपला पोचे आहेत. माझ्या दारांना नाहीत. अॅल्युमिनियमचे हलके असतात, पण ते दगडावर सरकण्याऐवजी कोरले जातात आणि अडकतात. खडकाळ वाटेला पोलादच घ्या.

काही गोष्टी राहिल्या. लांब केबिनच्या पोलादी जोडीचं वजन सहज ५० ते ८० किलो भरतं आणि ते तुमच्या गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतं. हौद्यात तंबू, पाण्याचे कॅन, हत्यारं असं सगळं नेणार असाल तर आधी बेरीज करा. पाय बसवताना ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि एक्झॉस्ट यांना प्लेट टेकत नाही ना, पुढचं चाक पूर्ण वळवून आणि दबवून पाइपला घासत नाही ना, हे स्वतः बघा. चॅसीच्या खालची पाणी निघून जायची भोकं झाकली गेली तर आतून सडण होते. वेल्डिंगच करायचं ठरलं असेल तर बॅटरी सोडवून ठेवा, इंधनाच्या टाकीजवळ टाका मारू देऊ नका, आणि वॉरंटीचे व विम्याचे कागद आधी वाचा. पावडर कोटिंग दिसायला छान, पण दगडाने टवका उडाला की गंज त्याच्या खालून पसरत जातो. मी साधा रंग मारते आणि ओरखडा आला की पुन्हा मारते.

शिवाय ज्याच्या हाताला खरोखर चॅसीचं काम येतं अशा वेल्डरने चार उंच पाय नीट बसवले, तर ते माझ्या बोल्टवाल्यांइतकेच चांगले ठरतील, हे मान्य. दादाचा कारागीर तसा नव्हता.

आणि बोल्टचे घेतलेत तर पहिल्या खडतर वाटेनंतर टॉर्क पाना घेऊन सगळे नट पुन्हा तपासा. प्लेटखालचा रंग दबतो आणि आवळण सैल पडते. दादा म्हणतो ही कायमची कटकट आहे. चहा होईपर्यंत दोन्ही बाजू तपासून होतात.