कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर 1843 लिहिलंय आणि भागांवर ठोकलेले सगळे अनुक्रमांक, म्हणजे नंबर, जुळतात. मग ते 1843 चं आणि अस्सल समजायचं का?

1843 चं तर नाहीच. सॅम्युएल कोल्टचा अमेरिकेतल्या पॅटरसनचा पहिला कारखाना 1842 मध्येच बंद पडला आणि 1847 मध्ये वॉकर मॉडेलची सरकारी ऑर्डर मिळेपर्यंत त्याचं सगळं थंडच होतं. तुमच्या सिलिंडरवर जहाजांचं चित्र असणार. ती कॅम्पेचेची लढाई, टेक्सासचं आरमार विरुद्ध मेक्सिकोचं, आणि 16 मे 1843 ही त्या लढाईची तारीख. नळी अष्टकोनी असेल तर 1851 चं नेव्ही नावाचं मॉडेल धरून चाला. गोल असेल आणि सिलिंडर पुढच्या बाजूला जास्त जाड असेल तर 1860 चं आर्मी मॉडेल. चित्र दोन्हींवर तेच आहे. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीची रिव्हॉल्व्हरं बाळगणारे असाच घोळ घालतात. नळीवर 14 सप्टेंबर 1858 ही पेटंटची तारीख दिसली की 1858 चं म्हणून मिरवतात, आणि ते न्यू मॉडेल आर्मी बनायला लागलं 1863 मध्ये.

बनल्याचं नक्की साल नंबरावरून निघतं, त्याचे तक्ते सहज मिळतात. फक्त कोल्टच्या हार्टफर्ड आणि लंडन या दोन कारखान्यांचे नंबर वेगळे चालतात, ते एकात एक मिसळू नका.

खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो. पण ‘सगळे नंबर जुळतात’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर एकाच वेळी दोन नेव्ही आली होती. एक पार झिजलेलं. सिलिंडरवरचं चित्र हाताळून हाताळून पुसून गेलेलं, आणि सिलिंडरचा नंबर बाकीच्यांपेक्षा वेगळा. दुसऱ्याचं सगळं जुळत होतं. उलटं धरलं की नळी, फ्रेम, चापाभोवतीची कडी आणि मुठीची पट्टी, चारही ठिकाणी तोच नंबर. सिलिंडरवर तोच. नळी जागेवर धरून ठेवणाऱ्या पाचरीवरसुद्धा तोच, आणि पाचर म्हणजे या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळ्यात आधी हरवणारी वस्तू. आम्हा जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांत एक जाणते काका आहेत, चाळीस वर्षं हेच करतात. मी त्यांना विचारलं. म्हणाले, “अरे, नंबर जुळले की विषय संपला. डोळे मिटून घे.”

घेतलं. डोळे मिटूनच घेतलं.

वर्षभर मी ते येईल त्याला दाखवत होतो. मग एकदा तेल पुसताना दिवा बाजूला, अगदी खाली ठेवलेला होता. त्या तिरप्या उजेडात सिलिंडरचे आकडे जरा जास्तच ठळक दिसले. दहापट भिंग लावलं. सिलिंडरवर गंजाचे बारीक खड्डे होते, ते असायचेच. पण नंबरातला 7 अशा एका खड्ड्यातून आरपार गेला होता आणि त्याची कड खड्ड्याच्या तळाशीही धारदार होती. आता विचार करा. आकडा आधीचा असता तर गंजाने त्याची कड खाल्ली असती. इथे गंज आधी लागला होता आणि आकडा नंतर ठोकला होता. फ्रेमवरचा 7 पाहिला तर त्याची मान वेगळी, शेपूट वेगळी. पाचरीचं तर विचारूच नका. नखाने चाचपलं तर आकड्याभोवती धातूचा उठाव अजून लागत होता.

मी काकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “असेल. पण विकताना कोण एवढं बघतंय?” त्या दिवसापासून आमचा वाद चालू आहे.

माझं म्हणणं अजूनही तेच आहे. पाच-सात रिव्हॉल्व्हरं एका टेबलावर खोलून साफ केली की सिलिंडर अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागतो? ते त्या वस्तूचं आयुष्य झालं. नंतर कोणी ठोकलेला नंबर म्हणजे सरळ लबाडी. म्हणून सगळं जुळतंय असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की मी आधी आकडेच तपासतो, कोल्टचं नाव सगळ्यात शेवटी. नाव काय, कुणीही कोरतं. बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनी कोल्टच्या धर्तीवर ढीगभर रिव्हॉल्व्हरं केली, त्यांच्यावर लंबगोलात ईएलजी ही अक्षरं आणि खाली तारा, असा तिथला तपासणीचा ठसा सापडतो. इटलीच्या प्रतिकृती 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून येताहेत. त्यांच्यावरचे प्रूफचे, म्हणजे तपासणीचे, ठसे आणि ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ (फक्त काळी दारू) ही अक्षरं घासून काढणारे महाभाग आहेतच. नळीच्या सपाट बाजूत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. सरळ रेघ एखाद्या जागी वाकली तर तिथे कानस फिरली आहे.

बाजारात जुळणाऱ्या नंबरांना जास्त पैसे मिळतात हे मात्र काकांचं खरं आहे, तेवढं मान्य करतो. आणि अस्सल जुळणारे नगही असतात. तुमचं त्यातलं असू शकेल. मी ते पाहिलेलं नाही.

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं: आधी ते भरलेलं नाही ना ते बघा. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. सिलिंडरच्या मागच्या बाजूच्या निपलवर (बारीक नळ्यांवर) ठिणगी पाडणाऱ्या टोप्या असतील तर स्वतः काही न करता जाणकार बंदूक कारागिराला बोलवा. टोप्या नसतील तर तोंड आपल्याकडे न करता सिलिंडरच्या प्रत्येक घरात, म्हणजे गोळी-दारू भरायच्या भोकात, बारीक लाकडी काडी घालून खोली मोजा. एखादं घर उथळ निघालं तर तेही कारागिराचंच काम. गंमत म्हणून घोडा चढवून चापही ओढू नका, निपलची तोंडं चेपतात. आणि अशी वस्तू परवान्याशिवाय ठेवता येते का, हा नियम देशागणिक बदलतो. तो विकत घेण्याआधी बघायचा असतो, नंतर नाही.

ते झिजलेलं, सिलिंडर न जुळणारं नेव्ही पुढे काकांनीच घेतलं. अजून त्यांच्या कपाटात आहे. का घेतलंत म्हणून विचारलं की सांगतात, “सिलिंडरवरचं चित्र आवडलं रे.”

त्यावर चित्र उरलेलंच नाही.