न्यूजलेटरला विषय सुचत नाहीत? साइटवरची वही काढ बघू

कोल्हापूरहून एका चोवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा, मग पुण्यात एका ऑफिसात दोन वर्षं, आणि आता घरी परत येऊन स्वतःचं काम. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्दा तिच्याच शब्दांत देते: "मॅडम, तीन साइट झाल्या, चौथी मिळत नाहीये. कुणीतरी सांगितलं दर महिन्याला न्यूजलेटर पाठव, म्हणून ७० जणांची यादी केली आणि 'या वर्षीचे टॉप १० ट्रेंड्स' आणि 'छोट्या घरासाठी ५ टिप्स' असे दोन अंक पाठवले. एकाचंही उत्तर नाही. तिसऱ्याला विषयच सुचत नाही. बाबा एसटीत कंडक्टर होते, ते म्हणतात हा टाइमपास सोड आणि पुण्याला नोकरी बघ. काय करू?"

अगं, दोन्ही अंक सोबत जोडलेस ते बरं केलंस. वाचले मी, आणि खरं सांगू का, मीपण उत्तर दिलं नसतं. फोटो सगळे परदेशातल्या घरांचे, पांढरा सोफा, पांढरा गालिचा, ओपन किचन, आता त्या किचनमध्ये लसणाची फोडणी पडली की सोफ्याला दोन दिवस वास येणार हे तुलाही माहितीये आणि तुझ्या यादीतल्या काकूंनापण. ते वाचून त्यांना वाटणार की हे आपल्यासाठी नाहीच. आणि नेटवरून उचललेले ट्रेंड्स त्यांच्या फोनवर आधीच येऊन पडलेले असतात, तुझ्याकडून तेच परत कशाला वाचतील.

आता मला सांग, तीन साइट केल्यास ना, मग साइटवर लोकांनी तुला काय काय विचारलं? वही असेलच. नसेल तर आज बसून आठव आणि लिहून काढ. "अठरा एमएम प्लाय म्हणतोय पण बारा लावला तर चालेल का", "सुतार स्क्वेअर फुटाने सांगतोय आणि ट्रॉलीवाला रनिंग फुटाने (म्हणजे नुसत्या लांबीवर), मग स्वस्त कोण", "देवघराला दरवाजा करायचा की नको", "बिल्डरने साडेसहाशे कार्पेट सांगितला आणि तुम्ही मोजलंत तर कमी कसा भरला". यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक अंक आहे. तू त्यांची उत्तरं उभ्या उभ्या देऊन मोकळी झालीस आणि विसरलीस, एवढंच.

शेवटचा प्रश्नच घे. रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जागा धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप जातात ती पोकळी) आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे टेप लावून खोल्यांची बेरीज केली की ती कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी येणारच, आणि टाइल्सचा हिशोब त्या कागदावरच्या आकड्यावर केला तर तोही चुकणार. हे साध्या भाषेत, एका टूबीएचकेचा हाताने काढलेला नकाशा टाकून लिहिलंस तर नवीन फ्लॅट घेणारा माणूस ते फॅमिली ग्रुपवर टाकतोच टाकतो. ट्रेंड्स कोण टाकतं गं?

किचनचं तर विचारूच नकोस. माझ्या स्वतःच्या घरी एका डिझाइनरने ओटा (तुमच्याकडे कट्टा म्हणतात) ३६ इंच उंच करून ठेवला, बाहेरच्या कॅटलॉगमध्ये तसं होतं म्हणून, आणि माझ्या सासूबाईंची उंची चार फूट अकरा. चार वर्षं त्या पाटावर उभं राहून पोळ्या लाटत होत्या. आपल्याकडे साधारण ३२ ते ३४ इंच धरतात, पण खरं माप त्या बाईच्या कोपराचं, कोपराच्या चार-सहा इंच खाली ओटा आला की खांदे दुखत नाहीत. कट्ट्याच्या उंचीवर एक अख्खा अंक कर. सिंकजवळ आरओचा पॉइंट, मिक्सर नक्की कुठे राहणार, ओव्हन आणि गीझरला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, हे सगळं टाइल्स लागायच्या आधी ठरवायला लागतं आणि लोकांना ते टाइल्स लागल्यावर आठवतं, तो दुसरा अंक. विषय नाहीत काय म्हणतेस!

आणि तू कोल्हापुरात बसलीयेस गं बाई. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलं, तेव्हा तळमजल्यावरच्या किती लोकांचं फर्निचर फुगून फेकायला लागलं हे तू डोळ्यांनी बघितलं असशील. त्या लोकांनी परत घर केलं तेव्हा काय बदललं? खालचे कप्पे कडाप्प्याचे केले का, वायरिंगचे पॉइंट किती वर घेतले, वॉर्डरोब जमिनीपासून उचलून भिंतीला अडकवला का? चार घरी जाऊन विचार, चहा पिऊन ये आणि लिही. हे पुण्यामुंबईतला कुठलाही मोठा डिझाइनर लिहू शकणार नाही आणि नदीकाठच्या प्रत्येक घराला ते हवंय. हा अंक मात्र मे महिन्यात गेला पाहिजे, पाऊस सुरू झाल्यावर त्याचा काय उपयोग.

त्याच्याच जोडीला एक प्रयोग सुचवते, मला स्वतःला करायची फार इच्छा होती. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड), साधा एमआर प्लाय (थोडीफार ओल सोसणारा) आणि मरीन प्लाय (पाण्यातही टिकणारा), तिन्हीचे हातभर तुकडे दुकानातून माग, एका बादलीत बुडव, आणि रोज सकाळी फोटो काढ. मरीनसाठी आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का बघायचा, त्याच्या टेस्टमध्ये तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, हे सगळं तू सांगशीलच पण सांगण्यापेक्षा फुगलेल्या एमडीएफचा आठव्या दिवसाचा फोटो जास्त बोलतो. फक्त शेवटी हेही प्रामाणिकपणे लिही की बेडरूमच्या कोरड्या भिंतीवरच्या वॉर्डरोबला मरीन लावून पैसे घालवायची गरज नसते, त्यानेच लोकांचा विश्वास बसतो.

पैशांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीयेस, का गं? लाज वाटते की बाकीचे डिझाइनर रेट बघतील याची भीती? रेट नको लिहूस, पण कोटेशन वाचायचं कसं ते लिही. स्क्वेअर फुटाच्या भावात आतलं लॅमिनेट (प्लायवर चिकटवायचा पत्रा) धरलंय का, चॅनल (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) आणि बिजागऱ्या कुठल्या, हँडल वेगळे का, माळा मोजलाय की नाही, १८ टक्के जीएसटी वर आहे की आत. लोक तीन कोटेशन घेतात आणि खालचा आकडा बघून सगळ्यात स्वस्त घेतात, मग मध्येच "ते आमच्यात नव्हतं" सुरू होतं. ते कसं टाळायचं हे तू सांगितलंस तर चौथी साइट तिथूनच येईल असं मला वाटतं.

वेळेचं गणित सांभाळ. दिवाळीला नवीन घरात जायचंय असं लोक गणपती झाल्यावर सांगतात, मग पितृपक्षात कुणी खरेदी करत नाही, आणि दिवाळी आली की राजस्थानचे-यूपीचे मिस्त्री गावी जायची तयारी करतात, आणि तू मध्ये लटकतेस. तेव्हा "दिवाळीचं काम आत्ता का ठरवायचं" हा अंक जूनमध्ये. पावसाळ्यात दार का घट्ट होतं, ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी मारून का उपयोग नाही, हे जुलैत.

पाठवायचं कसं ते थोडक्यात. महिन्याला एक अंक, एक विषय, फोनवर तीन-चार मिनिटांत संपेल एवढा. वर "मार्च न्यूजलेटर" असं लिहू नकोस, "कट्टा किती उंच हवा?" असं लिही. व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्टवर पाठवत असशील तर तुझा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, म्हणजे तुझ्या ७० पैकी किती जणांपर्यंत पोचलं ते आधी बघ, कदाचित त्यांनी वाचलंच नसेल आणि तू उगाच रडत बसलीयेस. ईमेल बरा, पण विचारून यादीत घे, आणि नको असेल तर कळवा अशी एक ओळ खाली ठेव.

क्लायंटच्या घराचे फोटो टाकताना लेखी परवानगी घे. फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, फॅमिलीचे फोटो, तिजोरीचं कपाट, यातलं काही दिसता कामा नये. आणि तुझ्या दुसऱ्या अंकात खाली सहीत "इंटिरियर आर्किटेक्ट" लिहिलंयस ते आजच काढ, आर्किटेक्ट हा शब्द १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असणाऱ्यांसाठीच आहे. इंटिरियर डिझाइनर लिही, त्यात कमी काय आहे.

आता बाबांचं. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, दोन अंकांनी घर चालत नाही आणि सहा अंकांनीही चालेल याची खात्री मी देत नाही. मी तुझ्या जागी असते तर कोल्हापुरातच एखाद्या मॉड्युलर किचनवाल्याकडे किंवा सिनियर डिझाइनरकडे अर्धवेळ ड्रॉइंगचं काम घेतलं असतं, पेट्रोल-मोबाइलचा खर्च सुटला असता आणि साइटपण बघायला मिळाल्या असत्या, म्हणजे वहीत प्रश्न वाढत राहिले असते. उद्या पुण्याला नोकरीला जायची वेळ आलीच तर हेच सहा अंक पोर्टफोलिओबरोबर ठेव. रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं) तर सगळेच दाखवतात, ही मुलगी क्लायंटशी नीट बोलू शकते हे त्यातून दिसेल.

आणि प्रत्येक अंक पाठवायच्या आधी बाबांना वाचायला दे. जिथे ते थांबून "म्हणजे काय गं?" विचारतील तिथला शब्द बदल. कट्ट्याचा अंक आधी लिही, आईच्या कोपराचं माप आज रात्रीच घे.