अ‍ॅल्युमिनियममधले आटे किती भार पेलतील?

प्रश्न: ६०६१-टी६ या मिश्रधातूच्या ठोकळ्यात एम८ चे (८ मि.मी. व्यासाच्या बोल्टचे) आटे पाडलेत. बोल्ट ८.८ ग्रेडचा (ताणताकद चौ.मि.मी.ला ८०० न्यूटन), १२ मि.मी. आत जातो. आटे किती ओढ सोसतील?

बोल्ट पोलादी असल्याने उडणार ते भोकाचे आटे, आणि ते बोल्टच्या बाहेरच्या व्यासावर कातरले जाणार. आदर्श मापांनी दर मि.मी. खोलीला २२ चौ.मि.मी. क्षेत्र मिळतं, पण त्या आकड्याच्या नादी लागू नका. बोल्ट टॉलरन्समध्ये सर्वांत बारीक (७.७६ मि.मी.) आणि भोकाचा पिच व्यास (आट्यांच्या मधल्या उंचीवर मोजलेला) सर्वांत मोठा (७.३५) निघाला, तर हेच क्षेत्र १६.८ वर येतं. या धातूची कातरताकद चौ.मि.मी.ला सुमारे २०७ न्यूटन, म्हणजे दर मि.मी. खोलीला साधारण ३.५ किलोन्यूटन. (तक्त्यात कातरताकद दिली नसेल तर ताणताकदीच्या ६० टक्के धरा.)

आता वजाबाकी. भोकाच्या तोंडाचं चँफर (तिरकी कापलेली कड) आणि बोल्टचं निमुळतं टोक मिळून २ मि.मी. गेले, उरले १०, म्हणजे ३५ किलोन्यूटन. शिवाय भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. तोंडाजवळचे दोन-तीन आटे सर्वांत जास्त घेतात, आणि ओढ वाढली की भोक तिथेच थोडं फाकतं. यापोटी पाव भाग सोडला की हाती २६ उरतात. बोल्ट मात्र २९.३ ला तुटतो (३६.६ चौ.मि.मी. × ८००). म्हणजे तुमच्या जोडात आधी आटे जातील, आणि तेच नको असतं. तुटलेला बोल्ट लगेच कळतो, अर्धवट सोललेले आटे कुणाला दिसत नाहीत. १६ मि.मी. खोली ठेवलीत तर बोल्ट आधी तुटेल.

प्रश्न: ६.८ ऐवजी ६.६ चं ड्रिल मारलं तर आटे उंच होतील, मग मजबूतही होतील ना?

नाही. लहान भोकाने आट्याचं टोक लांबतं, पण तो कातरला जातो बुडाशी, आणि तिथली जाडी तेवढीच राहते. वाढतो तो टॅप (आटे पाडायचं हत्यार) अडकून मोडण्याचा धोका. खरं नुकसान होतं टॅप सुरुवातीला डुलल्याने. त्याने पिच व्यास फुगतो आणि तोही तोंडाजवळच्या, सर्वांत कामाच्या आट्यांत. पहिले दोन फेरे गुण्या लावून सरळ घ्या, रॉकेल सोडत राहा, दर अर्ध्या फेऱ्याने टॅप मागे घेऊन कीस तोडा.

प्रश्न: ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये एम८ बोल्ट ८ मि.मी. जातो. आट्यांना तेल लावून २५ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिला आणि बोल्टबरोबर चकचकीत तारेची स्प्रिंग बाहेर आली.

ती स्प्रिंग म्हणजे भोकाचे आटेच, बुडापासून साफ कातरलेले. कोरड्या बोल्टला टॉर्कगुणांक (नट फॅक्टर, म्हणजे टॉर्क भागिले व्यास गुणिले ओढ) ०.२ धरला तर २५ न्यूटन-मीटरने सुमारे १५.६ किलोन्यूटन ओढ बसते. तेलाने तो ०.१५ झाला की तोच टॉर्क २०.८ देतो. ओतीव धातूची कातरताकद १४० धरली, तर वरच्याच पद्धतीने कामाच्या ६ मि.मी. आट्यांची कुवत ११ किलोन्यूटनच्या आत येते. कोरडा बोल्टही वाचला नसता. तुम्ही घेतलेला टॉर्क बोल्टच्या ताकदीवर बेतलेला आहे, त्यात तुमच्या भोकाचा विचारच नाही.

प्रश्न: मग हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांच्या आकाराची तारेची कॉइल) बसवली की प्रश्न मिटला?

बराचसा. बाहेरचा आटा सुमारे ९.६ मि.मी. व्यासाचा होतो, त्यामुळे कातरक्षेत्र साधारण पाचव्या हिश्शाने वाढतं, आणि वारंवार खोल-बंद केल्याने होणारी झीज थांबते. पण कुवत शेवटी आजूबाजूच्या मऊ धातूचीच. ८ मि.मी. खोलीत बसवलेली कॉइल वरच्या टॉर्कला तशीच उखडेल. दीड ते दोन व्यास लांबीची घ्या, तिच्यासाठीचा खास टॅपच वापरा, कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा पिच (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांतलं अंतर) आत ठेवा आणि आर-पार भोकात खालचा टँग (कॉइल फिरवून बसवायचं आडवं टोक) तोडायला विसरू नका. खोलीच मिळत नसेल तर बोल्टांची संख्या वाढवणं उत्तम.

प्रश्न: पहिल्या हिशोबात २६ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टनांहून जास्त येतात, तर त्याच भोकात एम८ आयबोल्ट (उचलण्यासाठीचा कडीचा बोल्ट) लावून २०० किलोचं मशीन उचलू का?

अजिबात नाही. डीआयएन ५८० या जर्मन मानकाप्रमाणे एम८ आयबोल्टला सरळ उभ्या ओढीलाच १४० किलोची मर्यादा आहे. दोरी तिरकी झाली की बोल्ट वाकतो आणि सगळा भार एका कडेच्या आट्यांवर येतो. वरचा हिशोब फक्त सरळ, स्थिर ओढीचा आहे.